ब्रेकचा पिस्टन आणि वाईचे मामा

या अंकासाठी संपादकांचा फोन आला. "काहीतरी लिहा," म्हणाले, "पण प्रवासवर्णन नको, तीन आली आहेत. आणि कविता तर नकोच." मी विचारलं, "गाडीच्या ब्रेकवर लिहू का?" पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग आवाज आला, "लिहा. पण बायकांनाही कळेल असं लिहा हं."

हे वाक्य मी मुद्दाम इथे नोंदवून ठेवतो. लेखाच्या शेवटापर्यंत ब्रेकमधलं जास्त कोणाला कळत होतं, ते तुम्हीच ठरवा.

आमच्या लहानपणी गाडी दुरुस्त करणं हे "आपलं" काम नव्हतं. गाडीच नव्हती, हे एक कारण झालंच. पण शेजारच्या डॉक्टरांची फियाट होती, तिचं बॉनेट उघडायचं झालं तरी कोपऱ्यावरच्या गॅरेजातून माणूस बोलवायचे. आपण अभ्यास करायचा, मार्क मिळवायचे, हात काळे करायचे ते दुसऱ्यांनी. मी पुण्याला मेकॅनिकल इंजिनिअर झालो, पण चार वर्षांत हात काळे झाले ते वर्कशॉपच्या तासाला, आणि तेही परीक्षेपुरते. पुढे वडिलांच्या चेतकचा ब्रेक ढिला झाला की मागची केबल दोन आटे आवळायची, एवढीच काय ती माझी वाहनविद्या.

अमेरिकेत आल्यावर हा तोरा उतरला. साल १९९३. न्यू जर्सीत उत्तरेकडच्या डोंगराळ भागात आम्ही नुकतंच घर घेतलेलं. कंपनीत माणसं कमी करणं चाललं होतं. दर शुक्रवारी कोणीतरी खोक्यात आपल्या वस्तू भरून घरी जायचं. घरात एक पगार, एक सेकंडहँड कॅमरी, आणि दुसरीत जाणारी आमची मुलगी. अशात एके दिवशी गाडी ब्रेक लावला की चिरकायला लागली.

हे चिरकणं म्हणजे बिघाड नव्हे, गाडीने दिलेली सूचना असते. पॅड झिजत झिजत ठरावीक जाडीवर आला की त्याला लावलेली पत्र्याची छोटी पट्टी डिस्कला घासते आणि किंचाळते, जेणेकरून गाढ झोपलेल्या मालकालाही जाग यावी. मला जाग आली. गॅरेजमध्ये विचारलं, तर पुढच्या दोन चाकांचे २४० डॉलर सांगितले. पार्ट्सच्या दुकानात त्याच पॅडची किंमत पाहिली, ३० डॉलर. म्हणजे २१० डॉलर फक्त हात काळे करण्याचे! माझ्यातला मध्यमवर्गीय खडबडून उठला.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहत. आयुष्यभर छापखान्याच्या यंत्रांवर काम केलेले. त्यांना विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, माझ्या पांढऱ्या बुटांवर नजर जराशी जास्त वेळ ठेवली, आणि म्हणाले, "कठीण काही नाही. पिस्टन मागे ढकलला की झालं." आणि आपल्या भिंतीवरचा एक जाडजूड सी-क्लॅम्प काढून माझ्या हातात ठेवला.

आता हा पिस्टन म्हणजे काय आणि तो मागे का ढकलायचा, हे थोडक्यात सांगतो.

चाकाबरोबर एक लोखंडी थाळी फिरते, ती डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड. आणि हे सगळं चिमट्यासारखं धरून बसलेला असतो तो कॅलिपर. आमच्या गाडीत प्रत्येक कॅलिपरमध्ये एकच पिस्टन होता, आतल्या बाजूला. आपण पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल नळीतून कॅलिपरमध्ये येतं आणि पिस्टनला बाहेर ढकलतं. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो. मग कॅलिपर स्वतःच आपल्या पिनांवर आतल्या बाजूला सरकतो आणि बाहेरचा पॅडही डिस्कवर ओढून घेतो. दोन पॅडमध्ये डिस्क चिमटली की चाक थांबतं.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे एक रबरी कडं. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं एक सील बसवलेलं असतं. पिस्टन पुढे सरकला की हे सील त्याच्याबरोबर किंचित पिळवटतं. पाय काढला की सरळ होतं आणि सरळ होता होता पिस्टनला केसभर मागे ओढतं. मागे आणायला स्प्रिंग नाही, काही नाही. पॅड झिजला की पिस्टन त्या सीलमधून थोडा पुढे घसरतो आणि तिथूनच नव्याने पुढे-मागे करू लागतो. महिन्यामागून महिने, कोणालाही न सांगता, तो झीज भरून काढत असतो. म्हणूनच पॅड झिजले तरी पेडल पायाखाली तेवढंच राहतं आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

थोडक्यात, पॅड पार झिजतात तोवर पिस्टन बराच बाहेर आलेला असतो. नवा पॅड असतो साधारण सेंटिमीटरभर जाड. तो बसायला जागाच नसते. म्हणून पिस्टनला परत आत पाठवायचं.

तर त्या शनिवारी सकाळी मी कामाला लागलो. दिवाळीच्या कार्यक्रमाची तालीम दुपारी दोनला होती. मुलीचा नाच होता, आणि तिला वेळेवर पोहोचवायचं होतं. आमचा ड्राइव्हवे गॅरेजपासून रस्त्याकडे चांगलाच उतरता आहे. म्हणून गाडी वरच्या सपाट भागात गॅरेजकडे तोंड करून उभी केली. मागच्या चाकांमागे लाकडाचे ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला, चाकाचे नट आधी ढिले केले, मग जॅक लावला आणि गाडी स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीशी खटपट करायची नाही, हे शेजारच्या आजोबांनी तीनदा बजावलं होतं.

चाक निघालं. कॅलिपरचे बोल्ट काढले. मोकळा झालेला कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नसतो, नळी आतून फाटते. म्हणून तो कपड्यांच्या हँगरच्या तारेने वर टांगला. जुने पॅड निघाले, बिस्किटाएवढे पातळ. तिथे साठलेली काळी पूड फुंकून उडवायची नाही, ती छातीत जाणं बरं नव्हे. ब्रेक क्लीनरचा फवारा मारून ओल्या फडक्याने टिपून घ्यायची.

आणि मग आला मुख्य प्रवेश. जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवला, म्हणजे क्लॅम्पचा दाब सगळीकडे सारखा बसतो आणि पिस्टनच्या कडेचा टवका उडत नाही. काही पिस्टन लोखंडी नसतात, एका प्रकारच्या कडक प्लॅस्टिकचे असतात, त्यांना तर जपावंच लागतं. क्लॅम्पचं एक टोक कॅलिपरच्या पाठीवर, दुसरं त्या पॅडवर. आणि हळूहळू आटे फिरवायला लागलो.

मंडळी, तो क्षण सांगता येत नाही. पिस्टन अगदी शांतपणे आत सरकत होता, जशी घट्ट झाकणाची बरणी न कुरकुरता बंद व्हावी. भोवतालचं धुळीपासून राखणारं रबर पुन्हा घडीवर घडी होऊन नीट बसलं. एवढ्या वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये मला इतकं समाधान मिळालं नव्हतं. मी हिला हाक मारून दाखवलं. ती पोळ्या लाटता लाटता बाहेर आली, बघितलं, आणि म्हणाली, "छान. पण बॉनेटखालून काहीतरी गळतंय."

ही माझी पहिली चूक. पॅड झिजले, पिस्टन बाहेर आले, की त्यांच्यामागची जागा भरायला ऑइल खाली जातं आणि टाकीतली पातळी उतरते. महिन्यापूर्वी मी ती उतरलेली पाहिली होती आणि मोठ्या दक्षतेने टाकी काठोकाठ भरली होती. आता पिस्टन मागे गेल्यावर ते सगळं ऑइल परत वर आलं आणि ओसंडून वाहू लागलं. ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं. लगेच भरपूर पाण्याने धुतलं तर वाचतो. मी धुतलं, तरी बॉनेटच्या कडेखाली हाताएवढा डाग राहिला तो राहिलाच.

तेव्हा पिस्टन ढकलण्याआधी टाकी बघा, भरलेली असेल तर थोडं ऑइल काढून घ्या. शेजारच्या आजोबांनी त्यासाठी टर्कीवर रस सोडायची ती रबरी फुग्याची नळी वापरा म्हणून सांगितलं. आमच्या शाकाहारी घरात ती कुठून असणार! मी एक विकत आणली. ही म्हणाली, "ही वस्तू स्वयंपाकघरात ठेवायची नाही." आजही ती गॅरेजातच आहे. ब्रेकसाठी वापरलेली वस्तू कधीच स्वयंपाकघरात ठेवू नका, टर्की खात असलात तरी.

दुसरी बाजूही झाली. चाकं चढवली, गाडी खाली घेतली, नट आवळले, ठोकळे काढले. दीड वाजले होते. हात काळेकुट्ट, पाठ मोडलेली, छाती मात्र फुगलेली. ही तयार होऊन बाहेर आली, मुलगी घुंगरांची पिशवी घेऊन मागे बसली. मी म्हटलं, "जा तुम्ही, मी आंघोळ करून मागून कोणाबरोबर तरी येतो."

हिने गाडी सुरू केली, हँडब्रेक सोडला, रिव्हर्स टाकला. गाडी सपाट भागावरून उताराला लागली. हिने ब्रेक दाबला.

पेडल सरळ तळाला गेलं.

मी गॅरेजच्या दारात फडक्याने हात पुसत उभा होतो. मला फक्त एवढंच दिसलं की गाडी जायला हवी त्यापेक्षा जोरात मागे चालली आहे, आणि काचेतून हिचा चेहरा माझ्याकडे नाही, आरशाकडे आहे. मी ओरडलो का, आठवत नाही. पळालो एवढं आठवतं. पळून काय करणार होतो? दीड टनाची गाडी हाताने धरणार होतो?

तेवढ्यात गाडीने एक आचका दिला आणि ती उभी राहिली. मागची चाकं फुटपाथवर, पुढची ड्राइव्हवेत. दोन श्वास घ्यावेत एवढ्या वेळाने शेजारचा लहान मुलगा सायकलवरून त्याच फुटपाथने आला, आडवी गाडी पाहून खाली उतरला आणि गवतातून वळसा घालून गेला.

हिने हँडब्रेक ओढला होता.

गाडी पार्कमध्ये टाकून ती तशीच बसून राहिली. मी दाराशी पोहोचलो तेव्हा तिचा पाय पेडल वरखाली दाबत होता. एकदा, दोनदा, तीनदा. मग म्हणाली, "आता लागतोय." एवढंच. मागच्या सीटवर मुलगी घुंगरांची पिशवी पोटाशी धरून बसली होती. तिने विचारलं, "बाबा, गाडी बरी झाली ना?"

हिचे मामा एसटीत ड्रायव्हर होते, वाईला. पसरणीच्या घाटात त्यांची निम्मी हयात गेली. लग्नाआधी सुट्टीत त्यांनी भाचीला ओळखीच्या कुणाच्यातरी जीपवर गाडी शिकवली होती. घाटात शिकवताना म्हणायचे, "पायाच्या भरवशावर राहू नको, पोरी. उतारावर एक हात हँडब्रेकपाशी असू दे." मी लग्नानंतर तिला अनेकदा हसलो होतो, की अमेरिकेत ऑटोमॅटिक गाडी चालवताना हात तिकडे कशाला? ती म्हणायची, "सवय आहे."

पायाचा ब्रेक ऑइलवर चालतो. हँडब्रेक मागच्या चाकांना थेट तारेने बांधलेला असतो. ऑइलचं काहीही झालं तरी तार आपलं काम करते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. हिच्या हाताला माहीत होतं.

आता माझं काय चुकलं ते सांगतो, आणि हे प्रत्येकाने दोनदा वाचावं.

मी पिस्टन पार आतपर्यंत ढकलला होता. नवे पॅड बसवल्यावर पिस्टन आणि पॅड यांच्यामध्ये फट राहिली होती. ती फट भरेपर्यंत ब्रेक लागणारच नव्हता. पिस्टन मागे ढकलणं हे अर्धंच काम. त्याला पेडल दाबून पुन्हा पुढे, पॅडला टेकेपर्यंत आणून ठेवणं हे उरलेलं अर्धं. ते काम दहा सेकंदांचं, आणि तेवढंच मी केलं नव्हतं.

वाईट याचं वाटलं की हे मला ठाऊक असायला हवं होतं. शाळेत सरांनी दोन पिचकाऱ्या, एक बारीक, एक जाड, नळीने जोडून पास्कलचा नियम दाखवला होता. बारीक पिचकारी दाबली की जाड पिचकारी जास्त जोराने पण कमी अंतर सरकते. पुढे मी पोटासाठी पंपच डिझाइन केले. त्या रात्री झोप येईना म्हणून उठून हिशेब मांडला. समजा, मास्टर सिलिंडरचा व्यास २२ मिलिमीटर आणि कॅलिपरच्या पिस्टनचा ५४. क्षेत्रफळांचं प्रमाण एकाला सहा. पेडलच्या दांड्याचं प्रमाण चौपट धरा. पुढची चाकं दोन. सहा गुणिले चार गुणिले दोन, अठ्ठेचाळीस. म्हणजे पिस्टनपुढे फक्त १ मिलिमीटर फट राहिली तर ती भरायला पाय जवळजवळ ५ सेंटिमीटर खाली जातो. फट ३ मिलिमीटर असेल तर पायाला हवेत १४ सेंटिमीटर, आणि पेडलला तेवढी जागाच नसते. ते जमिनीला टेकतं. ज्या गुणाकारामुळे आपल्या पायाच्या जोरावर गाडी थांबते, तोच गुणाकार माझ्यावर उलटला होता.

कागदाची घडी करून मी ती मॅन्युअलमध्ये ठेवली. हिशेब बरोबर होता. फक्त बारा तास उशिरा मांडला होता.

ही मात्र त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही. दिवाळीच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी मीच बढाई मारत होतो, की ब्रेक घरी केले, २१० डॉलर वाचवले. दोघातिघांनी पाठ थोपटली. एकाने तर "आम्हालाही शिकवा" म्हटलं. ही शेजारीच कपात साखर ढवळत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, आता बोलेल. नाही बोलली. त्या न बोलण्याने मी जेवढा खजील झालो तेवढा कोणाच्या बोलण्याने झालो नसतो. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांना फोन करून पेडलची गोष्ट सांगितली, पण "असं होऊ शकतं बरं का" अशा थाटात. आमच्या घरी झालं, हे सांगितलं नाही. ते आज, इतक्या वर्षांनी, इथे सांगतो आहे.

त्यानंतर मी एक नियम केला. ब्रेकच्या कामाला हात घालण्याआधी कागदी चिकटपट्टीचा तुकडा स्टिअरिंगवर लावायचा आणि त्यावर ठळक लिहायचं, "पेडल". काम संपलं की गाडीत बसून, गाडी बंद असतानाच, पेडल कडक लागेपर्यंत सावकाश दाबायचं. मग टाकीतली पातळी पाहायची. मग गाडी सुरू करून पुन्हा एकदा दाबून बघायचं. आणि मगच पट्टी काढायची. पेडल दाबदाबूनही मऊच राहिलं तर नळीत हवा शिरली असं समजायचं, आणि गाडी हलवायची नाही.

एवढी अद्दल घडूनही मी आणखी एक प्रताप केला. १९९९ साली दुसरी एक जुनी गाडी घेतली, तिला मागेही डिस्क होत्या. तोच क्लॅम्प लावला, पण पिस्टन हलेना. मी क्लॅम्पच्या दांड्याला पाइप अडकवून जोर वाढवला. आतून "कट" असा आवाज आला. त्या जातीच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा पिस्टनच्या आतच असते, स्क्रूच्या आट्यांवर. तो पिस्टन नुसता ढकलायचा नसतो, ढकलता ढकलता फिरवायचा असतो, बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. पिस्टनच्या तोंडावर खाचा होत्या. त्या खाचा म्हणजेच "मला फिरवा" अशी पाटी होती, पण मी वाचली नाही. नवा कॅलिपर घ्यावा लागला. शेजारचे आजोबा तेव्हा काठी टेकत यायचे. तुटलेला भाग हातात घेऊन म्हणाले, "पिस्टन कधी हट्ट करत नाही. जोर लावावा लागला, तर समजावं की आपल्याला काहीतरी माहीत नाही." पिस्टन फिरवायचं अवजार पार्ट्सच्या दुकानात अनामत ठेवून वापरायला मिळतं, हे मला त्याच दिवशी कळलं. आणि बसवताना पॅडच्या पाठीवरची खुंटी त्या खाचेत यावी लागते, हेही.

इतकं जुनं आज का उगाळतो आहे? कारण या उन्हाळ्यात मुलीचा फोन आला. ती आता आमच्यापासून तीन तासांवर राहते. नोकरी, घर, आणि तेव्हा ती होती तेवढाच तिचा मुलगा. म्हणाली, "बाबा, मागचे ब्रेक घरीच करते आहे. येता का? नुसतं बसायला." मी तो सी-क्लॅम्प घेऊन निघालो. आजोबा गेले, क्लॅम्प माझ्याकडेच राहिला.

तिची गाडी नव्या जमान्यातली. हँडब्रेकचा दांडाच नाही. एक बटण, आणि मागच्या प्रत्येक कॅलिपरवर एक छोटी मोटर. इथे क्लॅम्प लावून ढकलाल तर मोटरच्या स्क्रूची वाट लागेल. आधी गाडीला दुरुस्तीच्या अवस्थेत न्यावं लागतं, मग मोटर आपला स्क्रू मागे घेते, आणि मगच पिस्टन सरळ आत जातो. मुलीने ते सगळं मॅन्युअलमधून वाचून ठेवलं होतं. पहिला ढकलायचा, दुसरा फिरवायचा, तिसऱ्याला आधी विचारायचं. माझ्या हयातीत पिस्टनच्या तीन पिढ्या झाल्या.

पिस्टन ढकलताना तिने कॅलिपरचा हवा काढायचा स्क्रू थोडा उघडला, त्याला पारदर्शक नळी लावून टोक बाटलीत सोडलं. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, "तळाचं घाण ऑइल परत वर एबीएसच्या यंत्रात कशाला पाठवायचं? बाहेरच जाऊ दे." क्लॅम्प ढिला करायच्या आधी तिने स्क्रू बंद केला, नाहीतर हवा आत शिरते. तिने ऑइलही नंतर सगळं बदललं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ३ जातीचं कोरडं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर हीच हमी १४० अंशांवर येते. लांबच्या उतारावर ब्रेक तापले की असं ऑइल उकळतं, त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. मग पेडल पुन्हा तळाला. पसरणीच्या घाटात असो नाहीतर पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात.

मी अंगणातल्या खुर्चीवर बसून बघत होतो. बोलायला कुठे जागाच सापडत नव्हती. चाकं चढली. गाडी खाली आली. आता मला राहवेना. उठलो, घसा साफ केला, म्हटलं, "हे बघ, आता गाडी हलवायच्या आधी एक फार महत्त्वाची गोष्ट..."

"बाबा," ती म्हणाली, "आत बघा."

मी खिडकीतून डोकावलो. स्टिअरिंगवर कागदी चिकटपट्टी होती. तिच्यावर वाकड्यातिकड्या देवनागरीत लिहिलं होतं, "पेडळ".

मंडळाच्या रविवारच्या शाळेत ल आणि ळ यांचा तिचा घोळ कधी मिटलाच नव्हता. मी म्हटलं, "कोणी सांगितलं तुला?" म्हणाली, "आईने. मी गाडी शिकले तेव्हा. तेव्हा नेमकं काय झालं होतं, तेही सांगितलं." मग जरा थांबून म्हणाली, "तशी मी होतेच की मागच्या सीटवर."

म्हणजे हिने एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि बरोबर माणसाला सांगितलं होतं.

मुलगी गाडीत बसली. गाडी बंदच होती. पेडल दाबायला लागली. तिचा मुलगा माझ्या शेजारी उभा राहून मोजत होता, मराठीत, एक, दोन, तीन, चार. पाचव्याला ती म्हणाली, "लागला."

घरी आल्यावर हिला म्हटलं, "तू पोरीला सांगितलंस, मला कधी बोलली नाहीस." ही भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं की. तिला माहीत नव्हतं."